वर्णांचा तक्ता आणि श्रमाचा बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत जातींचीही नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हापासून आपल्या कार्यकर्त्यांत दोन टोकांची मते ऐकू येत आहेत. जात मोजली की ती अधिकच घट्ट होईल, अशी भीती एका बाजूला आहे. आकडे एकदा हाती आले की सामाजिक न्यायाचा मार्ग आपोआप मोकळा होईल, असा विश्वास दुसऱ्या बाजूला आहे. या दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे. तक्त्यातील रकाने समाजात आधीपासून तयार असतात आणि गणना करणारा त्यांत माणसे भरतो, एवढेच काय ते त्याचे काम, अशी ती समजूत होय. ती कितपत खरी आहे हे तपासण्यासाठी आज मी आपणांस एका दूरच्या, लहानशा शहरात नेणार आहे. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला आकड्यांचा मोह असणे स्वाभाविक आहे. परंतु आकडा कोणी, कशासाठी आणि कोणत्या मापाने तयार केला, हे विचारण्याची खोडही त्याच शास्त्राने लावलेली असते.

त्या शहराचे नाव हॅमट्रॅमिक. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट महानगराच्या पोटात ते वसलेले आहे. पण त्याची नगरपालिका स्वतंत्र आहे. क्षेत्रफळ जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या २८,४३३, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. अमेरिकेच्या जनगणनेत प्रत्येक शहराचा वर्णवार तक्ता प्रसिद्ध होतो. २०१० च्या तक्त्यात हॅमट्रॅमिकचे चित्र असे होते : निम्म्याहून थोडे अधिक लोक गोरे, एक पंचमांशाहून थोडे अधिक आशियाई, एक पंचमांशाला किंचित कमी कृष्णवर्णीय, आणि उरलेले मिश्र वा अन्य. कोणीही हा तक्ता पाहून म्हणेल की, हे मुख्यतः गोऱ्यांचे शहर असून तेथे आशियाई व कृष्णवर्णीय अल्पसंख्य आहेत. हे वाचन किती फसवे आहे, ते पाहण्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

१९१० साली हॅमट्रॅमिक हे ३,५५९ वस्तीचे खेडे होते. शेती करणारी जर्मन वंशाची कुटुंबे तेथे प्रामुख्याने राहत. त्याच वर्षी जॉन आणि होरेस डॉज या बंधूंनी तेथे आपला कारखाना उभारण्यास सुरुवात केली. दहा वर्षांनी, १९२० साली, त्याच गावची लोकसंख्या ४८,६१५ झाली होती. दशकात तेरापटींहून अधिक वाढ! जन्ममृत्यूच्या हिशेबाने गावे अशी वाढत नाहीत. ती भरतीच्या फाटकापाशी वाढतात. हे नवे रहिवासी बहुतांश पोलंडमधून आलेले शेतकरी व शेतमजूर होते. त्यांचा देश तेव्हा तीन साम्राज्यांत वाटला गेलेला होता, जमिनीचे तुकडे पोटाला पुरत नव्हते, आणि डेट्रॉइटला ओतकामासाठी व जुळणीसाठी मनगटे हवी होती. १९२२ साली या खेड्याला शहराचा दर्जा मिळाला आणि १९३० मध्ये लोकसंख्या ५६,२६८ वर गेली. दरम्यान १९२४ च्या कायद्याने पूर्व व दक्षिण युरोपातून येणाऱ्यांवर कठोर संख्यामर्यादा घातली. पोलंडच्या माणसाला तेव्हाच्या अमेरिकेत ‘गोरा’ म्हणून कागदावर स्थान होते. परंतु अव्वल दर्जाचा गोरा मानण्यास तेथील राज्यकर्ते तयार नव्हते, हेच तो कायदा सांगतो.

या पोलिश कामगारवस्तीने अमेरिकेच्या चळवळीला जे दिले, ते आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावयास हवे. १९३५ च्या उन्हाळ्यात मांसाचे भाव परवडेनासे झाले, तेव्हा हॅमट्रॅमिकमधील गृहिणींनी मेरी झुक या कामगार घरातील स्त्रीच्या नेतृत्वाखाली खाटकांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. भाव वीस टक्क्यांनी खाली आणा, ही त्यांची मागणी होती. पुढल्याच वर्षी मेरी झुक नगरपरिषदेवर निवडून आल्या. १९७२ साली स्थापन झालेली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती आणि मृणालताई गोरे व अहिल्याताई रांगणेकर यांचे लाटणे मोर्चे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या हकिगतीची ओळख निराळी करून द्यावयास नको. १९३७ च्या मार्चमध्ये डॉजच्या कारखान्यातील कामगारांनी यंत्रांपाशीच ठाण मांडून बैठा संप केला आणि तेव्हा कारखान्याची मालक असलेल्या क्रायस्लर कंपनीला संघटनेशी बोलणी करावी लागली. दुकानापासून कारखान्यापर्यंत एकच धागा होता : मजुरी आणि तिच्यातून मिळणारी भाकरी.

पण हा धागा सर्वांना सारखा बांधणारा नव्हता. दक्षिणेकडील कापसाच्या मळ्यांतून कृष्णवर्णीय कामगारही डेट्रॉइटला येत होते. त्यांच्या वाट्याला भट्टीजवळची, रंगाऱ्याच्या खोलीतली, अंग मोडणारी कामे येत; देखरेखीच्या आणि कुशल कामांच्या जागा गोऱ्यांकडे राहत. २ मे १९६८ रोजी जुळणीपट्ट्याचा वेग वाढविल्याच्या निषेधार्थ डॉज कारखान्यात उत्स्फूर्त संप झाला. त्यात कृष्णवर्णीय कामगार होते, तशा पोलिश स्त्रियाही होत्या. शिक्षा मात्र प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना झाल्या. त्यातूनच ‘डॉज रिव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट’ ही कृष्णवर्णीय कामगारांची संघटना उभी राहिली, आणि तिने कंपनीइतकाच आपल्या कामगार संघटनेच्या नेतृत्वालाही जाब विचारला. संप एकत्र करावयाचा आणि त्याची किंमत मात्र एकाच वर्णाने मोजावयाची, असा प्रकार असेल तर वर्गाच्या नावाने केलेले एकीचे आवाहन त्या माणसाच्या कानाला पोकळ वाटणारच. आपल्या गिरण्यांत साचेखात्याचे दरवाजे दलित कामगारांना दीर्घकाळ बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओढून लावावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, ही सबब त्यासाठी पुढे केली जात असे. डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा त्यांना मिळालेला प्रतिसाद फारसा निराळा नव्हता, हे आपण विसरू नये.

कारखान्याबाहेर, वस्तीत काय घडत होते? पन्नास व साठच्या दशकांत हॅमट्रॅमिकच्या नगरपालिकेने ‘नागरी नवीकरण’ हाती घेतले. जुन्या, पडक्या वस्त्या पाडून नवे बांधकाम करावयाचे, असा त्याचा उघड हेतू. प्रत्यक्षात पाडलेल्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांची घरे मोठ्या प्रमाणावर होती आणि उठविलेल्या कुटुंबांना शहरात दुसरी जागा मिळण्याची सोय नव्हती. १९६८ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. १९७१ मध्ये न्यायमूर्ती डेमन कीथ यांनी निकाल दिला की, नगरपालिकेने नवीकरणाचा उपयोग कृष्णवर्णीय रहिवाशांना शहराबाहेर घालविण्यासाठी जाणूनबुजून केला. निकाल झाला, घरे मिळण्यास मात्र आणखी काळ लोटला. भरपाईपोटी बांधावयाच्या दोनशे घरांपैकी अखेरचे घर पुरे होण्यास २०१० साल उजाडले. दावा लावल्यापासून बेचाळीस वर्षे!

जात वा वर्ण मोजूच नये असे म्हणणाऱ्या साथींनी येथे क्षणभर थांबावे. कोणत्या भागातून कोणत्या वर्णाची किती कुटुंबे उठविली गेली, याचा हिशेब मांडता आला, म्हणूनच अन्याय न्यायालयापुढे उभा करता आला. नगरपालिकेच्या ठरावात ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द नव्हता. तेथे केवळ पडकी घरे, रुंद रस्ते आणि विकास होता. विकासाच्या कोऱ्या भाषेआड लपलेला भेदभाव उघडा पाडण्यास आकड्यांशिवाय दुसरे हत्यार त्या कुटुंबांपाशी नव्हते. भेद न मोजल्याने तो नाहीसा होत नाही. तो ज्यांच्या सोयीचा आहे त्यांना मात्र निर्धास्त राहता येते.

आता पोलिश वस्तीचे पुढे काय झाले ते पाहू. युद्धोत्तर भरभराटीत कुशल कामगारांना स्वस्त व्याजाची गृहकर्जे मिळाली आणि त्यांची मुले वॉरन, स्टर्लिंग हाइट्स अशा उपनगरांत राहावयास गेली. जानेवारी १९८० मध्ये डॉजचा हा जुना कारखाना बंद पडला. ज्याच्यासाठी शहर उभे राहिले, तोच गेला. त्या जागी जनरल मोटर्सने नवा कारखाना काढण्याची तयारी दाखविली. अट अशी की, शेजारची डेट्रॉइटच्या हद्दीतील वस्ती मोकळी करून मिळावी. त्या वस्तीचे नावच होते ‘पोलटाउन’. म्हातारे पोलिश रहिवासी आणि त्यांच्यासोबत राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबे मिळून सुमारे ४,२०० माणसे तेथे राहत होती. कंपनीने सहा हजार नोकऱ्यांचे आश्वासन दिले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये बहुमताने असा निर्णय दिला की, एका खाजगी कंपनीला देण्यासाठीही घरे सक्तीने संपादन करणे ‘सार्वजनिक उपयोगा’त बसते. वस्ती जमीनदोस्त झाली. वस्तीचे चर्च वाचविण्यासाठी रहिवाशांनी त्यात ठाण मांडले होते. त्यांना अटक करून तेही पाडण्यात आले. २००४ साली त्याच न्यायालयाने आपला तो निर्णय चुकीचा ठरविला. तोवर तेवीस वर्षे उलटून गेली होती. आजही ज्यूंची एक जुनी दफनभूमी कारखान्याच्या आवारात तशीच आहे. जिवंतांना उठविणाऱ्या प्रकल्पाला मृतांना मात्र उठविता आले नाही.

साथींनो, या घटनेत गोऱ्या रंगाने पोलिश म्हाताऱ्यांचे रक्षण केले नाही. नागरी नवीकरणात जे कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आले, तेच दहा-बारा वर्षांनी भांडवलाला जमीन हवी झाली तेव्हा गोऱ्यांच्याही वाट्याला आले. कोयनेपासून नर्मदेपर्यंत प्रकल्पग्रस्तांबरोबर चाललेल्या आपल्या कार्यकर्त्यांना यातील ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१९९० साली हॅमट्रॅमिकची लोकसंख्या १८,३७२ पर्यंत घसरली होती. रिकामी घरे, कमी भाडी, ओस दुकाने. अर्थशास्त्राच्या भाषेत घरांचा पुरवठा अधिक, मागणी कमी. अशा ठिकाणी ज्यांना इतरत्र घर परवडत नाही ते येतात. येमेनी लोक मोटार कारखान्यांतील कामासाठी या परिसरात आधीपासून येत होते; त्यांचे आप्त येऊ लागले. नव्वदच्या दशकात बोस्नियातील युद्धातून निसटलेले निर्वासित आले. न्यूयॉर्कमध्ये घरभाड्याने गांजलेली बांगलादेशी कुटुंबे, त्यांत सिलहटकडील पुष्कळ, सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांत काम आणि परवडेल असे घर मिळते म्हणून इकडे वळली. कोनांट रस्त्याच्या एका भागाला २००८ मध्ये ‘बांगलादेश अव्हेन्यू’ हे नाव मिळाले. २००० सालापर्यंत स्वतःला पोलिश वंशाचे म्हणविणारे एक चतुर्थांशाहूनही कमी उरले होते. २०१० ते २०२० या दशकात मिशिगनमधील अनेक औद्योगिक शहरे आकसत असताना या शहराची लोकसंख्या सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढली.

आता पुन्हा त्या तक्त्याकडे वळू. त्यात येमेनी कोठे आहेत? बांगलादेशी ‘आशियाई’ रकान्यात आहेत. येमेन हा देशही भूगोलात आशिया खंडातच येतो. पण अमेरिकेच्या जनगणनेत पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतून आलेले लोक ‘गोरे’ म्हणून मोजले जात आले. २०२० च्या छापील प्रश्नावलीत ‘गोरा’ या पर्यायाखाली उदाहरणे देताना जर्मन, आयरिश यांच्या शेजारी लेबनानी व इजिप्शियन ही नावे होती. म्हणजे निम्म्याहून अधिक ‘गोऱ्यां’च्या त्या एका रकान्यात पोलिश आजीबाई, बोस्नियाचा निर्वासित आणि येमेनचा मजूर शेजारी शेजारी बसविलेले आहेत. तक्ता खोटा नाही. त्याने जे विचारले तेच त्याला सांगितले गेले. पण शहरात फिरणाऱ्याला जे दिसते ते त्या तक्त्यात दिसत नाही.

हे रकाने कोणी आखले, याचाही इतिहास आहे. अमेरिकेत १७९० च्या कायद्याप्रमाणे परकीयाला नागरिक होण्यासाठी ‘गोरा’ असणे आवश्यक होते. १९४२ मध्ये अहमद हसन या येमेनी अर्जदाराला डेट्रॉइटच्याच केंद्रीय न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. अरब हा गोरा नव्हे, असा निर्णय दिला. दोनच वर्षांनी, १९४४ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील न्यायालयाने एका अरब अर्जदाराला गोरा ठरवून नागरिकत्व दिले. दोन वर्षांत अरबांची कातडी बदलली नव्हती. बदलला होता तो युद्धकाळातील अमेरिकेचा हिशेब. अरब देशांशी सख्य तिला हवे होते.

आपल्या लोकांची कथा तर याहून बोलकी आहे. १९२० ते १९४० या तीन जनगणनांत अमेरिकेने भारतीयांची नोंद ‘हिंदू’ या वंशाखाली केली. तेव्हा तेथे असलेल्या भारतीयांत बहुसंख्य पंजाबचे शीख होते, आणि मुसलमानही होते. तरी सारे ‘हिंदू’. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. आपण उच्चवर्णीय, आर्यवंशाचे, म्हणून गोरे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. जातीचा अभिमान हाच त्यासाठी पुरावा म्हणून पुढे करण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि सामान्य माणूस भारतीयाला गोरा समजत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. पुढे १९७० च्या जनगणनेत तेच भारतीय गोऱ्यांत गणले गेले, आणि १९८० मध्ये त्यांच्यासाठी आशियाई गटात स्वतंत्र रकाना आला. एखादा माणूस पुरेसा दीर्घायुषी असता, तर त्याने जागेवरून न हलता ‘हिंदू’, ‘गोरा’ आणि ‘आशियाई’ या तिन्ही अवस्था भोगल्या असत्या.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? नावात बरेच काही आहे. अमेरिकेच्या मतदान हक्क कायद्यात भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत मतपत्रिका व साहाय्य देण्याची तरतूद आहे. परंतु ती स्पॅनिश, आशियाई आणि मूळनिवासी भाषांपुरतीच आहे. २०११ मध्ये हॅमट्रॅमिकमधील बंगाली भाषक या तरतुदीला पात्र ठरले आणि बंगालीतून मतपत्रिका देणे नगरपालिकेवर बंधनकारक झाले. त्याच रस्त्यावर, त्याच कारखान्यात, तितक्याच अपुऱ्या इंग्रजीनिशी राहणाऱ्या येमेनी मतदाराच्या अरबीला या तरतुदीत जागा नाही.

आणि गोरेपणाचा कागदी लाभ तरी त्याला मिळाला काय? नोव्हेंबर १९९९ च्या निवडणुकीत एका गटाची माणसे हॅमट्रॅमिकच्या मतदान केंद्रांवर उभी राहिली आणि अरब दिसणाऱ्या किंवा सावळ्या मतदारांच्या नागरिकत्वावर त्यांनी आक्षेप घेतला. चाळीसहून अधिक मतदारांना, पारपत्र हाती असतानाही, आपण नागरिक आहोत अशी शपथ घ्यावी लागली. केंद्रीय न्यायखात्याने नगरपालिकेला न्यायालयात खेचल्यावर २००० साली हा प्रकार थांबविण्याची हमी लिहून घेण्यात आली. जनगणनेच्या कागदावर जो गोरा, तोच मतदान केंद्राच्या दारात काळासावळा परका. हक्क देताना एक रंग आणि हक्क हिरावताना दुसरा. वर्गवारीचा अभ्यास करावयाचा तो याच ठिकाणी करावा. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेच्या लोकांसाठी स्वतंत्र वर्ग मान्य केला, त्यामागे या समाजांनी अनेक वर्षे केलेला आग्रह होता.

येथवरची कथा ऐकून आपणांस वाटेल की, ज्यांना इतके सोसावे लागले ते सत्तेवर आले म्हणजे समतेचे राज्य येईल. नोव्हेंबर २०२१ मध्ये हॅमट्रॅमिकच्या मतदारांनी येमेनी वंशाचा महापौर निवडला. त्यापूर्वी सुमारे शतकभर ते पद पोलिश वंशाच्या व्यक्तींकडेच होते. नव्या नगरपरिषदेचे सर्व सहाही सदस्य मुसलमान होते : येमेनी, बांगलादेशी, आणि इस्लाम स्वीकारलेली एक पोलिश वंशाची स्त्री. परक्याचे शहर त्याचे झाले, हा लोकशाहीचा विजय होता यात शंका नाही. परंतु जून २०२३ मध्ये याच परिषदेने नगरपालिकेच्या खांबांवर कोणते ध्वज लावता येतील याचा असा ठराव केला की, समलिंगी नागरिकांच्या हक्कांचा ध्वज त्यातून बाद झाला. मुसलमानांच्या अजानचा ध्वनिवर्धक २००४ मध्ये वादात सापडला असता त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या कित्येकांना हा ठराव विश्वासघात वाटला. मला तो विश्वासघातापेक्षा धडा वाटतो. सोसलेल्या अन्यायातून दुसऱ्याच्या अन्यायाची जाण आपोआप येत नाही. ती राजकीय शिक्षणाने, एकत्र कामाने, एकमेकांच्या लढ्यात उतरून घडवावी लागते. रकान्यांची बेरीज करून बहुमत मिळते; त्या बेरजेतून समाजवाद निघत नाही.

आता आपण आपल्या घरी परत येऊ. आपल्याकडे सर्व जातींची गणना होऊन प्रसिद्ध झाली ती १९३१ साली. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातील जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. ओबीसींची आकडेवारी मिळावी म्हणून महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा केंद्राने २०२१ मध्ये सांगितले की, १९३१ मध्ये ४,१४७ जाती होत्या आणि या सर्वेक्षणात शेहेचाळीस लाखांहून अधिक नावे नोंदली गेली. जातींची प्रमाणित यादीच आधी तयार नव्हती. ज्याने जे सांगितले, ज्या स्पेलिंगाने लिहिले, ते वेगळे नाव झाले. यावरून मोजणी अशक्य आहे असे सिद्ध होत नाही. रकाने आखण्याचे काम कचेरीतल्या बाबूंवर सोडून समाजाने नंतर आकड्यांवर भांडत बसणे किती महाग पडते, एवढेच सिद्ध होते.

येमेनी माणसाचा रंग न्यायालयागणिक बदलला, याचे आपण हसू करतो. पण आपला बंजारा ऊसतोड कामगार बीडहून निघून सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्यावर गेला की काय होते? महाराष्ट्रात त्याची जमात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत. कोयता तोच, मुकादमाची उचल तीच, फडातली थंडी तीच. रकाना मात्र वेगळा, आणि रकान्याबरोबर शिष्यवृत्तीपासून राखीव जागेपर्यंत सारेच वेगळे.

म्हणून गणना व्हावी की होऊ नये, या वादात आपली शक्ती खर्च न करता तीन गोष्टींवर आपण बोट ठेवले पाहिजे.

पहिली गोष्ट, यादी. जातींची व पोटजातींची यादी गणनेपूर्वी जाहीर व्हावी आणि तीवर हरकती मागविल्या जाव्यात, विशेषतः भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत. कारण त्यांची नावे प्रांतागणिक पालटतात आणि त्यांच्या बाजूने कचेरीत बोलणारे कोणी नसते.

दुसरी गोष्ट, जोड. जातीचा आकडा एकटा प्रसिद्ध झाला तर त्याचा उपयोग तिकीटवाटपापुरताच होईल. जातीच्या रकान्याला जमीन, घर, व्यवसाय आणि शिक्षण यांच्या नोंदी जोडून तक्ते प्रसिद्ध करा, अशी मागणी आपण आतापासून लावून धरली पाहिजे. प्रत्येक जातीत किती भूमिहीन, किती कंत्राटी, किती बेघर, हे कळले तरच जातीच्या आतला वर्ग आणि वर्गाच्या आतली जात ही दोन्ही एकाच वेळी दिसतील. हॅमट्रॅमिकच्या तक्त्यात वर्ण होता, पण कारखाना नव्हता. म्हणूनच तो वाचणाऱ्याला फसवीत होता.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झालेली आहे. फेब्रुवारी महिना म्हणजे गळिताचा हंगाम. त्या वेळी बीड, अहिल्यानगर, जालन्याकडील लक्षावधी माणसे आपल्या गावी नसतील. ती साखर कारखान्यांच्या तळांवर, कोप्यांत असतील, वीटभट्ट्यांवर असतील, शहरांत बांधकामाच्या जागेवर असतील. गावचा प्रगणक म्हणेल, ‘घराला कुलूप आहे’. कारखान्याकडचा प्रगणक म्हणेल, ‘ही आमची माणसे नव्हेत.’ रकाना कितीही न्याय्य आखला, तरी ज्याच्या कोपीपर्यंत प्रगणक पोहोचलाच नाही, तो कोणत्याच रकान्यात नसेल. प्रत्येक तालुक्यातील साथींनी हंगाम सुरू होताच कारखान्यांच्या तळांची, भट्ट्यांची आणि बांधकामांची यादी करून ती तहसीलदाराकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि गणनेच्या दिवसांत प्रगणकाबरोबर कोपी-कोपी फिरावे. त्या कुटुंबांना प्रश्न आधी समजावून सांगावेत; उत्तर मात्र त्यांचे त्यांनी द्यावे, आपण त्यांच्या तोंडात घालू नये.

हे काम भाषणांपेक्षा कंटाळवाणे आहे. पण हॅमट्रॅमिकच्या त्या कुटुंबांना बेचाळीस वर्षांनी का होईना घरे मिळाली, ती त्यांची दारे कोणीतरी मोजून ठेवली होती म्हणूनच. फेब्रुवारीत आपल्या तालुक्यातील एकही कोपी मोजल्यावाचून राहू नये, एवढी जबाबदारी आजच्या या वर्गाने आपल्या शिरावर घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.